फियाटचं छप्पर आणि जॅग्वारचे डोळे

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला निबंध. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर मला सोपं गेलं असतं. पण ज्यांनी तो वाचावा असं मला वाटतं ते वर्कशॉपचे काका मॅगझिन हातात आलं की थेट मराठी विभाग उघडतात. आणि भांडायचं तर मराठीतच बरं वाटतं.

भांडण एका गाडीवरून आहे. वेल्डिंग शॉपच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जी प्रीमियर पद्मिनी उभी असते ती तुम्ही पाहिलीच असेल. निदान तिच्या बॉनेटला टेकून वडापाव तरी खाल्ला असेल. आपल्या डिपार्टमेंटच्या एका सरांनी रिटायर होताना ती कॉलेजला दिली. कागदोपत्री पद्मिनी, पण सगळे तिला फियाटच म्हणतात. त्यात चूकही काही नाही, मुळात ती इटलीच्या फियाट ११०० चीच बहीण, फक्त मुंबईत कुर्ल्याला जन्मलेली.

यंदा बी.ई.च्या एका ग्रुपने प्रोजेक्टसाठी प्रपोजल दिलंय, ही फियाट इलेक्ट्रिक करायची. इथपर्यंत छान. पण सोबत तिचं छप्पर कापून तिला ‘रोडस्टर’ही करायचंय, म्हणजे गॅदरिंगच्या रॅलीत चीफ गेस्टना उभं राहून हात हलवता येईल. प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर एका लांब नाकाच्या, बिनछपराच्या देखण्या गाडीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘जॅग्वारने केलं, आपणही करू!’ सेमिनार हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. मग रात्री हॉस्टेलवर मशीन डिझाइनचं सबमिशन बाजूला ठेवून त्या फोटोतल्या गाडीबद्दल वाचत बसले. (सबमिशन दोन दिवस लेट झालं. मॅडम, हे त्याचं खरं कारण.) वाचून झाल्यावर माझ्या टाळ्या मला परत घ्याव्याशा वाटल्या.

ती गाडी म्हणजे जॅग्वार ई-टाइप. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीहून एक बंद छपराची गाडी रस्त्याने चालवत नेली आणि ती अगदी ऐन वेळेला पोचली. तिथे तिच्यात बसून एक चक्कर मारायला इतकी झुंबड उडाली की कंपनीने नॉर्मन डेविस या आपल्या टेस्ट ड्रायव्हरला निरोप धाडला, हातातलं काम टाक आणि उघडी गाडी घेऊन ये. तो रात्रभर गाडी हाकत सकाळी जिनिव्हाला हजर. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री जे चालतं त्याच जातीचं हे काम, फक्त त्यांचं यशस्वी झालं.

किंमत दोन हजार पौंडांच्या जरा वर. कंपनी ताशी दीडशे मैल वेग सांगायची, आणि तेवढा वेग देणाऱ्या इतर गाड्या कितीतरी महाग होत्या. पण आपण इंजिनिअर आहोत, तर नुसती किंमत आणि वेग सांगून मी थांबणार नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक. मागचे ब्रेक चाकात नाहीत, तर आत डिफरन्शियलला चिकटून, म्हणजे चाकासोबत वरखाली होणारं वजन कमी. मागची दोन्ही चाकं आपापली स्वतंत्र. मधला भाग पत्र्याची मोनोकॉक पेटी, आणि पुढे तिला बोल्टने जोडलेला चौकोनी नळ्यांचा सांगाडा, ज्यात इंजिन बसतं. बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाकच, फेंडरसकट पुढच्या टोकावर फिरून उघडतं. व्हायवाला ‘मोनोकॉक आणि स्पेसफ्रेममधला फरक सांगा’ असं विचारलं तर या एकाच गाडीवर दोन्ही दाखवता येतात.

तिचा आकार ज्याने ठरवला तो माल्कम सेयर विमानाच्या कंपनीतून जॅग्वारमध्ये आला होता. स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घेणं त्याला पसंत नव्हतं. गाडीच्या वक्ररेषा तो गणिताने मांडायचा, लॉग टेबल आणि स्लाइड रूल घेऊन, एकेका बिंदूचे को-ऑर्डिनेट्स काढून. ल मां ची चोवीस तासांची शर्यत १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ जिंकणारी डी-टाइपही त्याचीच. एम-थ्रीचा पेपर आठवून अजून ज्यांच्या पोटात गोळा येतो (मी त्यातलीच) त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. ई-टाइपच्या अंगावरची कुठलीही रेघ ‘छान दिसते म्हणून’ आलेली नाही. नाकाच्या उतारात हेडलाइट मागे सरकवून त्यांच्यावर तिरपी काच बसवली ती हवा अडू नये म्हणून. तोंडही म्हणूनच लहान. ते छान दिसलं हा वरचा बोनस.

मग तिच्यात बदल सुरू झाले.

इथे एक गोष्ट साफ करते, नाहीतर बी.ई.चा ग्रुप म्हणेल की ही बाई प्रत्येक बदलाच्या विरोधात आहे. पहिल्या पहिल्या गाड्यांत पायाखालची जमीन सपाट होती, उंच माणसाचे गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न. १९६२ मध्ये पाय ठेवायला खोलगट जागा दिली. उत्तम. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता आणि सीटही धड नव्हत्या. १९६४ मध्ये इंजिन ३.८ वरून ४.२ लिटरचं झालं, त्याच्यासोबत सगळ्या गिअरना सिंक्रोमेश आला, सीट सुधारल्या, ब्रेकची मदत सुधारली. बाहेरून पाहणाऱ्याला जवळपास काहीच कळत नाही, चालवणाऱ्याला मात्र सगळं कळतं. १९६३ मध्ये शर्यतीसाठी ॲल्युमिनियमच्या अंगाच्या हलक्या गाड्या केल्या, अठरा ठरवलेल्या आणि बाराच झाल्या. तोही बदलच होता, आणि आज त्या गाड्यांसाठी लोक जीव टाकतात.

खटकतं ते पुढचं. १९६६ मध्ये मागे मुलांना बसता यावं म्हणून व्हीलबेस नऊ इंचांनी लांबवला, छप्पर उचललं, पुढची काच उभट केली. संसारी माणसाची सोय झाली हे मान्य, पण बाजूने पाहिलं की कुणीतरी धावणाऱ्याच्या पाठीवर दप्तर दिल्यासारखं वाटतं.

आणि मग अमेरिका. ई-टाइपचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत होतं, आणि १ जानेवारी १९६८ पासून तिथे गाड्यांच्या सुरक्षेचे केंद्रीय नियम लागू झाले, धुराचेही आले. हेडलाइटवर काच चालणार नाही. डॅशबोर्डवरचे टोकदार टॉगल स्विच नकोत, अपघातात माणसाला लागतात. चाकांच्या मधोमध विमानाच्या पंख्यासारखे दोन कान असलेले नट असायचे, तेही नकोत, रस्त्यावरच्या माणसाला लागतात. तीन एस.यू. कार्ब्युरेटरच्या जागी धूर कमी करणारे दोन स्ट्रॉम्बर्ग आले आणि इंजिनाचा दम कमी झाला. १९६८ च्या शेवटी दुसरी सीरिज निघाली ती उघड्या हेडलाइटची, मोठ्या तोंडाची, जाड बंपरची. मागचे नाजूक दिवे बंपरच्या वर होते, ते बंपरच्या खाली गेले आणि मोठे झाले.

मला नियमांचा राग नाही. ज्याच्या छातीत टॉगल स्विच घुसला असता त्याला सेयरच्या वक्ररेषांचं काय कौतुक? त्या काचेआडून उजेडही फारसा चांगला पडायचा नाही. मोठं तोंडही उगीच नव्हतं, गाडी ट्रॅफिकमध्ये तापायची, तिला जास्त हवा हवीच होती. एकेक बदल सुटा काढून विचारलं तर प्रत्येकाला कारण आहे. तरी सगळं मिळून गाडी बिघडली, असं मला का वाटतं?

मला वाटतं ते असं की मूळ आकार हे एकच अख्खं गणित होतं. एका रेघेचं उत्तर दुसरीत गुंतलेलं. आणि बदल करणाऱ्यांनी ते गणित पुन्हा सोडवलं नाही, उत्तरपत्रिकेत मधल्या दोन ओळी खोडून वर नवीन आकडे लिहिले. आपण जर्नल कॉपी करताना करतो तसं. काच काढली, पण काचेसाठी खोदलेला खळगा राहिला आणि त्यात दिवा डोळे वटारून बसला. दिवे खाली गेले ते बंपरखाली जागा होती म्हणून, तिथे शोभतात म्हणून नव्हे. सेयर १९७० मध्ये वारला. १९७१ ची तिसरी सीरिज तर सरसकट लांब व्हीलबेसची, ५.३ लिटरच्या बारा सिलेंडरच्या इंजिनाची. लहानशा तोंडाच्या जागी क्रोमची जाळी, चाकांवर फुगवलेल्या कमानी, आणि शेवटी शेवटी अमेरिकेसाठी बंपरवर रबराचे मोठाले ठोकळे. इंजिन लोण्यासारखं मऊ चालायचं असं सगळेच लिहितात. पण तरुणपणी शर्यती जिंकणारा मामा चाळिशीत पोट सुटून लग्नात भेटावा तसं ते आहे. मामा प्रेमळच असतो. आपण आल्बम मात्र जुनाच काढतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये ई-टाइप संग्रहात घेतली, तीही १९६३ सालची, डोळ्यांवर काच असलेली.

हे झालं कारखान्याचं. मालकांनी केलं ते याहून भारी. गाडी जुनी आणि स्वस्त झाली तेव्हा कित्येकांनी तिचं सहा सिलेंडरचं इंजिन उपटून अमेरिकन व्ही-एट कोंबलं, चाकं रुंद घालायची म्हणून फेंडर कापले. बंद गाड्यांची छपरं कापून त्यांच्या उघड्या गाड्या केल्या, कारण उघडीला भाव जास्त. १९७१ च्या ‘हॅरॉल्ड अँड मॉड’ या इंग्लिश पिक्चरमध्ये तर हीरोला प्रेतयात्रांचा नाद म्हणून आई त्याची शववाहिका काढून घेते आणि शहाण्या मुलासारखी स्पोर्ट्स कार देते, ई-टाइप. पठ्ठ्या वेल्डिंग करून तिचीच शववाहिका बनवतो. शेवटी ती कड्यावरून खाली जाते. मी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बघितला. सगळ्या मुली हसत होत्या, मलाही हसू आलं, आणि मग अचानक आलं नाही.

आलं नाही कारण मला ग्राइंडर आठवला.

गेल्या वर्षी टेक-फेस्टच्या आधी फियाटमध्ये मोठी म्युझिक सिस्टीम बसवायचं ठरलं. डॅशबोर्डमध्ये ती मावत नव्हती. मुलांपैकी कुणाचा हात स्थिर नाही म्हणून ग्राइंडर माझ्या हातात दिला, आणि मला इतकं भारी वाटलं की विचारू नका. वर्कशॉपमध्ये एकटी मुलगी आणि ठिणग्या उडतायत. मी दोन सरळ काप घेतले, ग्लोव्ह बॉक्सच्या अलीकडून पलीकडे. काका म्हणाले होते, ‘‘बाळ, आधी पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कर, दोन दिवस लाव आणि बघ.’’ दोन दिवस कुणाकडे होते? कापलेला पत्रा आणि ग्लोव्ह बॉक्सचं झाकण भंगारात गेलं. आलेल्या पैशांत आम्ही चौघांनी कटिंग चहा घेतला. सिस्टीम दोन दिवस वाजली, मग ॲम्प्लिफायर जळला आणि ती काढली. आता तिथे नुसतं भोक आहे.

डिसेंबरमध्ये सर आले होते, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला. मीच त्यांना शेडपर्यंत घेऊन गेले. ताडपत्री काढली. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंगमागचा गिअर हलवून पाहिला, आणि मग न बघता त्यांचा डावा हात ग्लोव्ह बॉक्सकडे गेला. बहुतेक काहीतरी ठेवायची सवय असणार, चष्मा किंवा रुमाल. हात भोकातून आत गेला. सरांनी हात बाहेर काढला, बोटांना लागलेली धूळ पुसली आणि म्हणाले, ‘‘बरं केलंत. गाडी तुमच्या उपयोगाला आली.’’ मी ‘सॉरी सर’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, ‘‘सर, चहा घेणार?’’

तेव्हा कापाकापीवर बोलायचा मला अधिकार नाही असं कुणी म्हणालं तर मी मान्य करीन. पण भोकाचा अनुभव मात्र या कॅम्पसवर माझ्याइतका कुणाला नाही.

आता त्या स्लाइडवरच्या फोटोकडे येते. फोटो होता ई-टाइप झीरोचा. २००८ पासून जॅग्वार टाटांची आहे, आणि २०१७ मध्ये जॅग्वारने स्वतःच १९६८ सालच्या एका ई-टाइपमध्ये बॅटरी आणि मोटर घालून दाखवली. मे २०१८ मध्ये विंडसरला प्रिन्स हॅरी लग्नानंतर बायकोला घेऊन जिच्यातून निघाला तीच ही. ‘जॅग्वारने केलं’ हे बरोबरच आहे. पण काय केलं ते स्लाइडवर नव्हतं. त्यांनी बॅटरी अशी बनवली की ती मूळ इंजिनाच्याच जागेत, साधारण त्याच आकारात आणि वजनात बसेल. मोटर गेली मूळ गिअरबॉक्सच्या जागी. त्यामुळे सस्पेन्शन आणि ब्रेक बदलावे लागले नाहीत. हवं तेव्हा बॅटरी उतरवून जुनं इंजिन परत चढवता येईल, हे कंपनीने मुद्दाम सांगितलं. छपराचं म्हणाल तर ती जन्मतःच रोडस्टर होती. तिचं काहीच कापलं नव्हतं!

आणि तरी लोक नाराज झाले. जुन्या वाहनांची फिवा म्हणून एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०१९ मध्ये सांगितलं की इंजिन काढून मोटर घातली की आमच्या व्याख्येनुसार ती ऐतिहासिक गाडी उरत नाही. पण कुणाला करायचंच असेल तर बदल परत फिरवता येण्याजोगे असावेत, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग खूण करून जपून ठेवावा. मला हे वाक्य वाचून कटिंग चहाची चव आठवली.

आपल्या फियाटच्या छपराचं तर साधं गणित आहे. तिला वेगळी चॅसिस नाही, अंग हाच सांगाडा. चपलांच्या खोक्याचं झाकण चिकटपट्टीने नीट बंद करा आणि दोन टोकं धरून पिळा. मग झाकण फाडून काढा आणि पुन्हा पिळा. ई-टाइपच्या रोडस्टरमध्ये तो पीळ दाराखालच्या जाड पेट्या आणि मधला बोगदा सोसतो, तिचा मधला भाग त्या हिशोबानेच आखलेला. फियाटमध्ये छप्पर आणि खांब आपला वाटा उचलतात. ते कापून वर बॅटरीचं वजन ठेवलं तर रॅलीच्या मधोमध दारं उघडणार नाहीत, किंवा बंद होणार नाहीत. चीफ गेस्ट आतच. प्रपोजलमध्ये यावर एकही आकडा नाही, मी दोनदा पाहिलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ गाडीत असे बदल करून ती रस्त्यावर काढता येत नाही. रॅली कॅम्पसच्या गेटबाहेर चौकापर्यंत जाते हे विसरू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. फियाट इलेक्ट्रिक करा, मी स्वतः टीममध्ये येते, वायरिंग करते, रात्रभर बसते. पण मूळ इंजिनाच्या जागेत आणि मूळ माउंटिंगवर मावेल तेवढीच मोटर आणि बॅटरी, मग रेंज दहा किलोमीटर कमी भरली तरी चालेल. एकही नवीन भोक न पाडता ब्रॅकेट बनवणं हे छप्पर कापण्यापेक्षा अवघड डिझाइन आहे, आणि प्रोजेक्टला मार्क त्याचेच मिळायला हवेत, एक्सटर्नल कुणीही येवोत. काढलेलं इंजिन, रेडिएटर, टाकी, प्रत्येक नट, सगळ्याला लेबल लावून स्टोअरमध्ये ठेवायचं. काकांनी वरचा फडताळ रिकामा करून द्यायचं कबूल केलंय.

ग्लोव्ह बॉक्सच्या भोकासाठी मी पुठ्ठ्याचं टेम्प्लेट केलंय, एक वर्ष उशिरा. भंगार बाजारात तीन रविवार फिरून एका पद्मिनीचं झाकण मिळालं, रंग वेगळा आहे आणि बिजागरी एका बाजूने अर्धा इंच कमी पडते. ती शनिवारी काका आणि मी बसवणार आहोत. प्रपोजलची मीटिंग त्याच दिवशी चार वाजता शेडमध्येच ठेवली आहे. सरांनाही फोन केलाय. ते म्हणाले, गुडघे साथ देत असतील तर येतो.